सैरंध्रीचे तबक आणि समीक्षकांचे द्यूत

मराठी समीक्षेत दोन विशेषणे अशी आहेत की ती शेजारी शेजारी ठेवली तर आपल्या कलाविचारातील लबाडी उघडी पडते. मुक्तेश्वरांच्या ओवीला आपण ‘चित्रमय’ म्हणतो. ती स्तुती असते. राजा रविवर्म्याच्या चित्राला आपण ‘वाङ्मयीन’ म्हणतो. ती शिवी असते. कवीने चित्रकाराच्या प्रांतात पाऊल टाकले तर तो समृद्ध होतो आणि चित्रकाराने कवीच्या प्रांतात टाकले तर तो भ्रष्ट होतो, हा न्याय कोणत्या शास्त्रात सांगितला आहे हे आम्हांला आजवर कोणी समजावून दिलेले नाही. वाङ्मयाच्या वर्गांत मात्र तो इतका मुरलेला आहे की त्याला कोणी न्याय म्हणूनही ओळखत नाही. आम्ही त्याच्याशी भांडणार आहोत, आणि त्यासाठी कोल्हापूरची जागा मुद्दाम निवडत आहोत. कारण ज्या एका आख्यानाच्या आधारे हे भांडण मांडायचे आहे, त्याच्या मराठी इतिहासाचे धागे या जिल्ह्यात पुन्हा पुन्हा येऊन मिळतात.

ते आख्यान सैरंध्रीचे. मुक्तेश्वरांच्या महाभारताची जी पाच पर्वे आज उपलब्ध आहेत त्यांत विराटपर्व आहे, आणि मुक्तेश्वरांची समाधी शिरोळ तालुक्यातील तेरवाडला दाखवतात. मोरोपंत १७२९ साली पन्हाळगडावर जन्मले, तेथेच पाध्ये बंधूंकडे शिकले, पुढे बारामतीकर झाले आणि त्यांनी आर्याभारत रचले. त्यातही विराटपर्व अर्थातच आहे. १९२० साली बाबूराव पेंटर यांच्या कोल्हापुरातील महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला मूकपट पडद्यावर आला, त्याचे नाव ‘सैरंध्री’. १९२९ साली कोल्हापुरातच स्थापन झालेल्या प्रभात कंपनीने १९३३ साली ‘सैरंध्री’ पुन्हा काढला, आणि तोही रंगीत काढण्याचा ध्यास घेऊन, थेट जर्मनीपर्यंत धाव मारून. ओवी, आर्या, मूकपट, बोलपट अशी ही साखळी आहे. तिच्या मध्यावरची एक कडी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे गाळतात, कारण ती तैलरंगात आहे. ती कडी म्हणजे रविवर्म्याची सैरंध्री.

रविवर्मा किळिमानूरचा, त्रावणकोर संस्थानातला; त्याचा मराठी मुलखाशी संबंध बडोद्याच्या दरबारामुळे आणि मुंबईमुळे आला. १८८८ साली सयाजीराव गायकवाडांनी त्याच्याकडे चौदा पौराणिक चित्रांचे काम सोपवले. १८९४ साली मुंबईत त्याचा शिळाछापखाना निघाला आणि त्याची चित्रे भिंतीभिंतीवर गेली. हे सारे सर्वांना ठाऊक आहे. त्याच १८८८ साली लंडनमध्ये जॉन विल्यम वॉटरहाउस याने टेनिसनच्या एका कथाकाव्यावरून ‘द लेडी ऑफ शॅलॉट’ हे चित्र काढले, हेही इंग्रजीच्या प्राध्यापकांना ठाऊक आहे. टेनिसनची कविता शिकवताना हे चित्र वर्गात दाखवण्याची रीत आता जुनी झाली. त्याच्याबरोबर मिलेचे ‘मारियाना’ येते, कीट्सबरोबर मिलेचेच ‘इझाबेला’ येते, आणि विद्यार्थ्याला सांगितले जाते की पाहा, या चित्रकाराने कवितेतील कोणता क्षण निवडला, कोणता टाळला, खिडकी कोठे ठेवली. या चित्रांना तेथे कोणी ‘वाङ्मयीन’ म्हणून हाकलत नाही. ती कवितेच्या वाचनाचे पुरावे म्हणून वापरली जातात. त्याच महाविद्यालयातल्या मराठीच्या वर्गात आर्याभारताबरोबर काय दाखवतात? समास सोडवून दाखवतात.

आता चित्राकडे. सैरंध्रीच्या कथेवर रविवर्म्याने एकाहून अधिक वेळा काम केले. कीचक आणि सैरंध्री समोरासमोर असलेले एक चित्र आहे, ते १८९० च्या सुमाराचे. पण आम्हांला येथे बोलायचे आहे ते दुसऱ्याबद्दल, ज्यात हातात तबक घेतलेली सैरंध्री कीचकाच्या महाली जायला निघाली आहे आणि पाऊल उचलत नाही. कीचकाचा चित्रात पत्ता नाही. भीम नाही, सभा नाही, शस्त्र नाही. एक बाई, तिच्या हातातील पात्र आणि तिची भीती, एवढेच.

मूळ प्रसंग वाचकांना आठवत असेलच, तरी तपशील महत्त्वाचा आहे म्हणून सांगतो. अज्ञातवासाच्या वर्षात द्रौपदी विराटाच्या राणीची, सुदेष्णेची, केशभूषा करणारी दासी म्हणून राहिली आहे. राणीचा भाऊ कीचक हा सेनापती; त्याची तिच्यावर नजर जाते. तो बहिणीला गळ घालतो, आणि बहीण एक साधी घरगुती युक्ती काढते: मला तहान लागली आहे, कीचकाच्या घरून पेय घेऊन ये. सैरंध्री नाही म्हणते, कारणही सांगते; दुसऱ्या कोणा दासीला पाठवा अशी विनवणी करते. राणी सोन्याचे पात्र तिच्या हाती देते. महाभारतात हे पेय सुरा आहे. या चित्राचे जे इंग्रजी नाव सर्वत्र चालते त्यात मात्र दूध आणि मध आहे. संस्कृतात ‘मधु’ हा शब्द मधालाही चालतो आणि मद्यालाही. घोटाळा तेथला असावा, किंवा कोणा सोवळ्या माणसाने तो जाणूनबुजून केला असावा. कसेही असो, मद्य आणायला पाठवलेली दासी आणि दूध-मध घेऊन निघालेली सुवासिनी यांत जे अंतर आहे ते ओळखायला मूळ आख्यान माहीत असावे लागते. ते आख्यान शिकवणाऱ्यांनीच चित्राकडे पाठ फिरवल्यावर हे अंतर दाखवणार कोण?

चित्रकाराने निवडलेल्या क्षणाविषयी लेसिंगने ‘लाओकून’ या ग्रंथात १७६६ सालीच मूलभूत विचार मांडला आहे. चित्राला एकच क्षण मिळतो. म्हणून चित्रकाराने असा क्षण पकडावा की ज्याच्या पोटात आधीचे आणि नंतरचे दोन्ही असेल, आणि म्हणून तो कळसाचा नसावा. रविवर्म्याने कळसाचे दोन्ही क्षण या चित्रात सोडले: भर सभेत कीचकाने केस धरून लाथ मारली तो, आणि नृत्यशाळेतल्या अंधारात भीमाने कीचकाचा गोळा केला तो. त्याने निवडला तो आज्ञा आणि अत्याचार यांच्या मधला क्षण. मालकिणीने हुकूम दिला आहे, दासीने नकार देऊन पाहिला आहे, नकार चाललेला नाही. आता चालत जाणे तेवढे उरले आहे.

या क्षणाकडे बघण्याची नजर त्याला कोठून मिळाली? आमचे उत्तर ऐकून काही मित्र रागावतील. ती व्हिक्टोरियन प्रसंगचित्रांतून मिळाली. प्रसंगचित्र म्हणजे देव-राजे-लढाया सोडून घरातल्या, रस्त्यातल्या, कामावरच्या माणसांचे कथा सांगणारे चित्र. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये त्याचे पेव फुटले होते, आणि त्यात भावविवशतेचा चिखलही पुष्कळ होता हे आम्ही नाकारत नाही. पण याच चित्रप्रकाराने परक्या घरात राबणाऱ्या एकट्या स्त्रीला प्रथम चित्राचा विषय म्हणून गंभीरपणे घेतले. टॉमस हूडची शिवणकाम करणाऱ्या बाईवरील कविता १८४३ साली ‘पंच’मध्ये आली आणि रिचर्ड रेडग्रेव्हने १८४४ साली तिच्यावरून शिवणकरणीचे चित्र काढले, दुसऱ्याच्या घरी मुले शिकवणाऱ्या एकाकी शिक्षिकेचे चित्रही त्याचेच. या चित्रांत स्त्री एकटी असते, हातात कामाची वस्तू असते, आणि ज्याच्यामुळे ती त्या अवस्थेत आहे तो चित्राबाहेर असतो. रविवर्म्याने रेडग्रेव्ह पाहिला होता असे आम्हांला म्हणायचे नाही; त्याची गरजही नाही. ही रचना त्या काळच्या चित्रभाषेत सर्वांच्या हाताशी होती. जे. जे. कलाशाळा १८५७ साली निघाली आणि तिच्यातून ती भाषा आपल्याकडेही शिकवली गेली. आबालाल रहमान ती शिकून कोल्हापूरला परतले, आणि कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर ती शिकून पुढे तेथेच शिकवू लागले. रविवर्मा त्या शाळेचा विद्यार्थी नव्हता. त्याने ती भाषा स्वतःच्या बळावर मिळवली आणि एका महाकाव्यातील राणीला लावली. तेव्हा काय झाले? राणीच्या आत दडलेली दासी दिसली. विराटपर्वातले राजवाड्याचे जग हे मुळात मोठ्या घराचे जग आहे: स्वयंपाकघर, तबेला, गोठा, नाचाची शाळा, राणीचा महाल. पाचही पांडव आणि द्रौपदी येथे नोकर आहेत. हे वाक्य आपण वर्गात उच्चारतो आणि लगेच विसरून ‘वेषांतर’ या शब्दाकडे वळतो. चित्र विसरू देत नाही.

उलट मराठी वाङ्मयाने सैरंध्रीचे काय केले ते पाहू. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे पारतंत्र्यातली भारतभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हा संकेत प्रेक्षकांना समजावून द्यावा लागला नाही. सरकारलाही तो समजला आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. नाटकाचे राजकीय धैर्य आम्हांला वंद्य आहे. पण त्याच्या नावात सैरंध्री नाही, हे आमच्या प्राध्यापक मित्रांच्या कधी ध्यानात आले काय? नाव वधाचे आहे. रूपक जितके चोख बसते तितकी बाई नाहीशी होते. भारतमातेला कोणी पेय आणायला पाठवत नाही. तिला हुकूम देणारी मालकीण नसते, आणि एका स्त्रीनेच दुसऱ्या स्त्रीला ठाऊक असूनही वाघाच्या तोंडी दिले, हा या आख्यानातला सर्वांत बोचरा भाग राष्ट्ररूपकात कोठे बसवायचा हे कोणालाच सुचत नाही. त्यातही रंगमंचावरची ती सैरंध्री पुरुष नट उभी करीत होता. आम्ही कित्येक वर्षे ‘कीचकवध’ शिकवताना, शिकताना रूपक उकलून दाखवतो आणि प्रश्नपत्रिकेतही तेच विचारतो. सुदेष्णेवर एक तरी प्रश्न कोणी काढला आहे का?

बाबूराव पेंटरांच्या मूकपटाचे नाव मात्र ‘सैरंध्री’. बाबूराव हे चित्रकार, मंडळींनो. नाटककंपन्यांचे पडदे रंगवून, आतेभाऊ-मामेभाऊ असे दोघे, ते आणि आनंदराव, या धंद्यात आले होते. आनंदराव १९१६ साली गेले आणि बाबूरावांनी पुढचा डाव एकट्याने मांडला. त्यांनी स्त्रीभूमिकांत स्त्रियाच घेतल्या, गुलाबबाई आणि अनसूयाबाई, ज्या काळात कॅमेऱ्यासमोर उभी राहणारी बाई समाजातून उठल्यातच जमा होती. टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले. आणि या चित्रपटाची कोणती आठवण मागे राहिली? कीचकाच्या वधाची. ते दृश्य इतके खरे उतरले की सरकारी कात्री त्यावर चालली, ही कथा चित्रपटाच्या प्रत्येक इतिहासात येते. चित्रपट स्वतः आज उपलब्ध नाही. नाव बाईचे, ख्याती वधाची. जनमानसावर खाडिलकरांचा पगडा किती खोल होता, त्याचे हे माप आहे.

तर मग एवढ्या साखळीत सैरंध्रीकडे सैरंध्री म्हणून पाहणारी कडी कोणती, असा आमचा प्रश्न आहे. आणि उत्तर ज्याला आपण ‘कॅलेंडर’ म्हणून हिणवतो ते चित्र, असे येते. हे उत्तर गैरसोयीचे आहे. म्हणून त्याच्यावर जो ठरावीक आरोप होतो तो तपासला पाहिजे.

आरोप असा की ही चित्रे नाटकी आहेत. १९०६ साली रविवर्मा वारला आणि फार काळ लोटण्याआधीच आनंद कुमारस्वामींनी त्याच्या कल्पना रंगमंचीय असल्याचा, त्यांत भारतीय भाव नसल्याचा निवाडा दिला. भगिनी निवेदितांना जमिनीवर पालथी पडून पत्र लिहिणारी त्याची शकुंतला असभ्य वाटली. पुढे युरोपातून दुसरे शस्त्र आले. क्लाइव्ह बेल याने १९१४ साली कथा सांगणाऱ्या चित्राला कलेच्या घरातून बाहेरच काढले. फ्रिथचे रेल्वे स्थानक आणि ल्यूक फिल्ड्सचा आजारी मुलाजवळ बसलेला डॉक्टर ही त्याची ठरलेली उदाहरणे. आपल्याकडे मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर सौंदर्यशास्त्र उभारले. ते पुष्कळ सूक्ष्म आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ ज्याने नीट वाचले त्याला हे सांगायला नको. पण वर्गांत त्याचा जो काढा करून पाजला गेला त्यात एकच घोट उरला: चित्रात गोष्ट आली की कला गेली. तीन दिशांनी आलेले हे तीन विचार परस्परविरोधी आहेत. कुमारस्वामींना चित्रात अध्यात्म हवे होते, निवेदितांना मर्यादा, बेलला निखळ आकार. एकमत कशावर झाले, तर रडणाऱ्या बाईचे चित्र नाटकी असते यावर.

आता विराटपर्व पुन्हा उघडा. कीचकाच्या घरून निसटलेली सैरंध्री धावत सभेत येते. कीचक मागून येतो, केस धरतो, राजाच्या देखत तिला लाथ मारतो. ती सभेला जाब विचारते. राजा गप्प. कंक नावाने द्यूत खेळणारा युधिष्ठिर तेथेच बसला आहे. कपाळावर घाम आला आहे, पण ओळख फुटू द्यायची नाही. तो तिला काय म्हणतो? तुला वेळकाळ समजत नाही, नटीसारखा आकांत मांडून तू राजसभेतल्या खेळात विघ्न आणते आहेस, आत जा.

नटीसारखा! आमच्या समीक्षेने रविवर्म्याच्या सैरंध्रीला जो शब्द लावला तो महाभारतात आधीच आलेला आहे, आणि ज्याच्या तोंडी आला आहे त्याला काही तरी लपवायचे आहे. व्यासांनी तो त्याच्या तोंडी घातला तेव्हा वाचकाने धर्मराजाच्या बाजूने मान डोलवावी अशी त्यांची अपेक्षा होती असे आम्हांला वाटत नाही. खेळ चालू राहिला पाहिजे, आकांताने त्यात व्यत्यय येऊ नये, ही भूमिका घेणाऱ्याला दुःख नेहमीच नाटकी दिसते. आकाराचे, लयीचे, मर्यादेचे द्यूत खेळत बसलेल्या आमच्या पंडितांना तबक घेतलेली बाई दारात उभी राहिलेली खपत नाही, याचे कारण ती वाईट रंगवलेली आहे हे खचितच नाही.

शिवाय नाटकीपणाचे मूळ तरी नीट शोधावे. रविवर्मा ज्या संस्थानात वाढला तेथे इरयिम्मन तंपी या कवीने रचलेले ‘कीचकवधम्’ हे आट्टकथेचे काव्य कथकलीत खेळले जात होते. म्हणजे सैरंध्रीचे आख्यान त्याला केवळ पोथीतून मिळालेले नव्हते. ते नटाच्या देहावर, डोळ्यांवर, थबकणाऱ्या पावलांवर पाहण्याचे संस्कार त्या मुलखातच होते. याला विलायती उसनवारी म्हणणे हे अज्ञान आहे. आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे काय? मोरोपंतांच्या आर्या कोण्या अभ्यासिकेत मौनाने वाचण्यासाठी लिहिलेल्या नव्हत्या. त्या कीर्तनकाराच्या मुखी गेल्या. उत्तररंगात कीर्तनकार आख्यान लावतो, ऐन प्रसंगावर थांबतो, एकाच आर्येवर झांजा वाजवीत रेंगाळतो, श्रोत्यांना तो क्षण डोळ्यांपुढे आणायला लावतो आणि मगच पुढे जातो. आख्यान थांबवणे ही कला आहे. चित्रकार तेच करतो, फक्त तो पुन्हा पुढे जात नाही. आणि घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला जावे: तेथील ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारताची सुटी चित्रे एकामागून एक पुढे धरून आख्यान गात आले आहेत. काव्यावरचे चित्र ही गोष्ट साहेबाने आणलेली नाही. साहेबाचे तैलरंग होते, छायाप्रकाश होता, घरातल्या स्त्रीकडे पाहण्याची एक रीत होती. त्यांचा उपयोग झाला, एवढेच.

आमची बाजू घेताना चित्राला निर्दोष ठरवण्याचा मोह आम्हांला नाही. व्यासांची द्रौपदी कृष्णा आहे, सावळी आहे. रविवर्म्याच्या नायिका बहुशः उजळ आहेत, आणि आपल्या घरांतल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगावर त्याचा जो परिणाम झाला तो अजून धुतला गेलेला नाही. दुसरे असे, की महाभारतातील सैरंध्री नुसती घाबरत नाही. कीचकाकडे जाताना ती सूर्याची प्रार्थना करते, आणि कीचकाने हात घातल्यावर त्याला ढकलून खाली पाडते. त्या रात्री पाकशाळेत झोपलेल्या भीमाला जाऊन उठवते ती तिचीच बुद्धी. पाच नवऱ्यांतला कोणता या कामाचा आहे हे तिला पक्के ठाऊक आहे. या शक्तीची खूण तबकवालीच्या अंगावर आम्हांला सापडत नाही. तेथे व्हिक्टोरियन करुणेने चित्रकाराचा हात धरला, आणि बिचारी स्त्री म्हणजे सुंदर स्त्री हे त्या करुणेचे समीकरण त्यानेही मान्य केले. इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ आणि दुर्गाबाईंचे ‘व्यासपर्व’ वाचलेल्या आजच्या विद्यार्थिनीने चित्राशी येथे भांडावे. अवश्य भांडावे. पण भांडायला ते तिच्यासमोर असावे लागते, आणि ते वाचन आहे हे आधी मान्य करावे लागते. भिंतीवरच्या शोभेशी कोणी वाद घालत नाही.

कलाशाळांकडून येणारा एक आक्षेप उरतो, तो छापील प्रतींचा. म्हणे शिळाछापाने चित्र स्वस्त झाले, भडक झाले, साबणाच्या नि काड्यापेट्यांच्या जाहिरातींत गेले. गेले खरे. पण कोल्हापूरकरांनी तरी हा आक्षेप घेताना जरा मागे वळून पाहावे. बाबूरावांचा ‘सैरंध्री’ नाही. पेंटर बंधूंनी नाटककंपन्यांसाठी रंगवलेल्या पडद्यांची कीर्ती आपण वाचतो, पडदे पाहत नाही. राजर्षी शाहूंच्या काळात १९१५ साली उभे राहिलेले पॅलेस थिएटर, पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळाले. टिकले काय? आजीच्या देवघरात चौकटीत बसवलेले, कडा पिवळ्या पडलेले छापील चित्र. मोरोपंतांच्या आर्याही कीर्तनकारांच्या तोंडी लागून, चुकत, अपभ्रष्ट होत टिकल्या. त्या वेळी त्यांना कोणी स्वस्त म्हटले नव्हते.

अभ्यासक्रमात जागा नाही, वेळ नाही, ‘चित्रकला आमचा विषय नाही’, ही उत्तरे आम्हांला पाठ आहेत. जागा लागते किती? विराटपर्वातील एक प्रसंग, मोरोपंतांच्या त्या प्रसंगावरील आर्या, खाडिलकरांचा तेवढाच प्रवेश आणि एक चित्र, दोन तासिका. विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे की या चौघांनी सैरंध्रीला कोठे उभे केले आहे, तिच्याकडे कोण पाहते आहे, आणि सुदेष्णा कोठे आहे. पुस्तकी उत्तर येणार नाही, कारण ते कोणत्याही मार्गदर्शकात छापलेले नाही.

आणि कलाशाळांतील विद्यार्थ्यांसाठी एक प्रसंग आम्ही सुचवून ठेवतो. कीचक मेला, त्याच्या प्रेताबरोबर सैरंध्रीला जाळायला निघालेले उपकीचकही मेले. आता नगर तिला भिते. राजाच्या सांगण्यावरून तीच सुदेष्णा तिला म्हणते, बाई, तू येथून जा. सैरंध्री शांतपणे आणखी तेरा दिवस मागून घेते. मालकीण आणि दासी पुन्हा समोरासमोर आहेत, हातात पात्र नाही, आणि या वेळी भीती दुसऱ्या बाजूला आहे. या क्षणाचे चित्र आमच्या पाहण्यात नाही.